दंड सगळ्यांना, अडतं कुणाचं?

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी आपल्या एसयूव्हीच्या थकलेल्या ई-चलानांचा स्क्रीनशॉट टाकला. वर हसणारे इमोजी. "भरायची घाई करू नका, लोकअदालत लागली की निम्म्यात मिटतं." खाली सगळ्यांचे अंगठे. डोकंच सटकलं माझं.

कारण आमच्या रिक्षावाल्या काकांची रिक्षा सध्या घरी उभी आहे. पासिंगची, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीची, तारीख आली आणि थकलेली चलानं भरल्याशिवाय काम पुढे सरकेना. त्यातलं एक चलान माझ्या आईमुळे लागलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, ठाण्यात, नौपाड्यात दवाखान्याच्या दारात उतरवायची तर रिक्षा थांबवावी लागणारच ना? काका तिला हाताला धरून पायऱ्या चढवेपर्यंत फोटो निघालासुद्धा. नो पार्किंगला पहिल्यांदा 500, परत सापडलात तर 1500. मी पैसे द्यायला गेले तर म्हणाले, राहू द्या ताई, आई काय तुमच्या एकट्याच्या आहेत का.

म्हणे नियम सगळ्यांना सारखा, दंड थकला की लायसन्सची, नोंदणीची कामं बंद. कागदावर सारखाच हो! पण खाजगी गाडीची नोंदणी एकदा झाली की 15 वर्षं बघायला नको, विकायला काढली तरच अडणार. रिक्षाला आधी दर 2 वर्षांनी आणि 8 वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस. मग दरवेळी सापडणार कोण? काकाच. आणि रिक्षा उभी तर दंडाचे पैसे येणार कुठून? वर कारवाल्यांना मुलुंड, ऐरोली, वाशीचा टोलसुद्धा ऑक्टोबर 2024 पासून माफ.

हो, रिक्षावाले भाडं नाकारतात, तीन हात नाक्याला सिग्नल तोडतात, मान्य. रात्री घोडबंदरला यायला एकामागून एक मान हलवतात तेव्हा माझ्याही तोंडात शिव्या येतात. आणि काकांनी बाकीची चलानं खोटी आहेत असं एकदाही म्हटलेलं नाही, फक्त जरा सवड द्या म्हणतायत.

मग एसयूव्हीचंही कुठेतरी अडू दे की. थकलेली चलानं विम्याला जोडा म्हणणार होते, पण बिनविम्याच्या गाडीने कुणाला उडवलं तर त्या बिचाऱ्याने काय करायचं, म्हणून ते नको. फास्टॅगला जोडा. थकबाकी आहे, रिचार्ज बंद. एक्स्प्रेसवेला लागताना आपसूक भरतील.

असो. चलान हप्त्याने भरायची काही सोय असेल, कुणाला माहीत असेल, तर प्लीज इनबॉक्स करा. पैसे पाठवू का विचारू नका, काका घेणार नाहीत.