थंड दुधाने जुनी ॲसिडिटी मुळापासून जात नाही

‘झोपताना पेलाभर थंड दूध प्या, ॲसिडिटी मुळापासून जाईल, गोळ्या फेकून द्या’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. दुधाने जळजळ घटकाभर शमते. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. वर लगेच आडवं झालं की ते घशाशी येतं. माझी आई महिनाभर हे करत होती, पहाटे उशीला टेकून बसायची.

पॅन्टोप्राझोल, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी, महिनोन्‌महिने चालू असेल तर मनाने एकदम सोडू नका, आम्ल उसळून येतं. फॅमिली डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. ही गोळी नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची, हेही अनेकांना माहीत नसतं. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.