'हृदयाला कॅन्सर होत नाही' हा मेसेज पुढे पाठवू नका

"हृदय सतत धडधडतं, गरम असतं, त्याला कॅन्सर होत नाही. चाकू लागला की गाठ पसरते. डॉक्टरांना फक्त पैसे हवेत. अर्जुनसालीचा काढा घ्या, तीन महिन्यांत गाठ विरघळेल." ज्या घरात उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या) अँजिओसार्कोमाचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणाऱ्या कॅन्सरचं, निदान झालंय, त्याच घरच्या ग्रुपवर हा मेसेज आलाय आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं चाललंय. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

हृदयाचा कॅन्सर दुर्मीळ आहे, मान्य. हृदयाच्या स्नायुपेशी फारशा विभागत नाहीत, हेही मान्य. पण सार्कोमा या प्रकारचा कॅन्सर उठतो तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून, शरीराचे भाग जोडून धरणाऱ्या संयोजी ऊतींतून, आणि त्या हृदयातही असतात. धडधडीचा आणि गरमीचा इथे काही संबंध नाही.

सगळ्यात घातक वाक्य चाकूचं. अँजिओसार्कोमा चाकूची वाट बघत नाही. निदान होतं तेव्हाच अनेकांच्या फुफ्फुसांत पोचलेला असतो. अर्धसत्य एवढंच की डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा सुटला तर मेंदूत जाऊ शकतो, म्हणून तिथली बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा) कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने, सहसा घेत नाहीत. उजव्या बाजूची शिरेतून, इकोवर बघत घेता येते. ऑपरेशननंतर गाठ त्याच जागी परत येते ती कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्यामुळे. डाव्या कर्णिकेतली गाठ साधा मिक्सोमा (कॅन्सर नसलेली गाठ) समजून नुसती खुडून काढली की हेच होतं. मिक्सोमा बहुधा दोन कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने लटकलेला असतो. कर्णिकेच्या मागच्या भिंतीवर रुंद बुडाची गाठ दिसली तर सार्कोमाची शंका घ्यायलाच हवी.

ती मागची भिंत हृदय छातीत असताना नीट दिसतच नाही. म्हणून अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे हृदय-सर्जन मायकेल रीअर्डन यांनी 1998 मध्ये अशा रुग्णाचं हृदयच बाहेर काढून गाठ कापली. रुग्ण तेव्हा हार्ट-लंग मशीनवर असतो, हृदय-फुफ्फुसांचं काम ते मशीन करतं. महाशिरा, महाधमनी, फुफ्फुसधमनी आणि डावी कर्णिका कापून हृदय बर्फगार सलाइनमध्ये ठेवतात. गाठ निरोगी कडेसकट काढतात, गायीच्या पेरिकार्डियमने (हृदयाभोवतीच्या पातळ आवरणाने) भिंत शिवतात आणि हृदय परत जोडतात. मागचा टाका गळला तर रक्ताने भरलेल्या हृदयामागे हात पोचत नाही, ही मोठी भीती. सोबत एक फुफ्फुस काढावं लागलं तर जोखीम फारच वाढते.

पैशाचं म्हणाल तर, आजार पसरलेला दिसला की बहुतेक सर्जन स्वतःच ऑपरेशन टाळतात.

ऑपरेशनने सगळे बरे होतात असं कुणी म्हणत नाही. ह्यूस्टनमध्येच उजव्या बाजूच्या सार्कोमाचं ऑपरेशन झालेल्या 44 रुग्णांचा अभ्यास झाला. आधी केमो घेतलेल्यांपैकी निम्मे 20 महिन्यांपुढे जगले, थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे 9.5 महिन्यांपुढे. काढ्याने सार्कोमा विरघळल्याचा पुरावा नाही, आणि त्याचे तीन महिने याच हिशेबातून जातात.