अश्वगंधेला जर्मनीचा दाखला कशाला?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला की आमची कोल्हापूरची मंडळी शेवटी माझ्याकडं वळतात. "तुमच्या जर्मनीत काय म्हणत्यात रे?" या वेळी निमित्त पुतण्याचं. तो बारावीला आहे, नीटची तयारी चाललीय, राजारामपुरीत क्लास. रात्री झोप लागत नाही, दिवसा पुस्तकात लक्ष लागत नाही. वहिनींनी त्याला अश्वगंधेच्या गमी आणि ब्राह्मीचं सिरप आणून दिलं. फार्मसी शिकलेली चुलत बहीण म्हणाली, हे सगळं थोतांड. दादा उसळला, "हजारो वर्षांचं ज्ञान आहे आपलं, त्याला गोऱ्यांचा शिक्का कशाला पायजे?" आणि पाचच मिनिटांत त्यानंच मला जर्मनीचं विचारलं.

गंमत अशी की दाखला दोघांनाही मिळतो. जर्मनीत औषधाच्या दुकानात वनस्पतींची औषधं राजरोस मिळतात, हे दादाचं खरं आहे. डेन्मार्कनं २०२३ साली अश्वगंधेवर बंदी घातली, हे बहिणीचंही खरं. श्टुटगार्टला राहून मी या दोन्ही गोष्टी जवळून बघतोय, आणि माझ्या मते दोघंही दाखला चुकीच्या कामासाठी मागतायत.

इथल्या दुकानात बाल्ड्रियान म्हणून एका मुळीच्या गोळ्या मिळतात, मेलिसे नावाच्या लिंबासारख्या वासाच्या पाल्याचा चहा मिळतो, पॅशनफ्लॉवर मिळतं, लव्हेंडरच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात. झोप येत नाही, मन अस्वस्थ आहे असं सांगितलं की फार्मासिस्ट बाई आधी यातलं काहीतरी पुढं करतात. वनस्पतींची औषधं तपासायला जर्मनीनं १९७८ सालीच तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. पुढं २००४ मध्ये युरोपनं नियम केला: एखादी वनस्पती औषध म्हणून ३० वर्षं वापरात असेल, त्यातली निदान १५ युरोपात, तर 'पारंपरिक औषध' म्हणून तिची नोंदणी होऊ शकते. परिणाम चाचणीनं सिद्ध करायची सक्ती नाही. म्हणजे दादाचाच मुद्दा झाला की! फक्त एक अट आहे, आणि मला ती फार आवडते. हा उपयोग केवळ दीर्घकाळच्या वापरावर आधारलेला आहे, असं पाकिटावर छापावं लागतं. परंपरा आहे तर परंपरा म्हणा, शास्त्रानं सिद्ध झालंय म्हणू नका.

बाल्ड्रियानचंच घ्या. त्यातलं व्हॅलेरेनिक आम्ल मेंदूतल्या गाबा नावाच्या शांतवणाऱ्या रसायनाच्या ग्राहींवर काम करतं, हे प्रयोगशाळेत दिसलंय. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एका सुरात नाहीत. लव्हेंडरची बाजू त्या मानानं बरी. २०१० साली छापून आलेल्या एका चाचणीत ७७ रुग्णांवर सहा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम तेलाची लोराझेपाम या चिंतेवरच्या गोळीच्या लहान डोसशी तुलना केली, आणि दोन्हीकडं चिंता जवळजवळ सारखीच उतरली. पुढं पॅरोक्सेटीन या उदासी-चिंतेवरच्या औषधासोबतही तुलना झाली. हे तेल चेतापेशींतल्या कॅल्शियमच्या वाटा थोड्या आवळतं, त्यामुळं उत्तेजना कमी होते, असा समज आहे. हा पुरावा बहुतांशी कॅप्सूल बनवणाऱ्यांच्याच पैशानं उभा राहिलाय, तेही सांगायला हवं. आणि दिवसभर अत्तराची ढेकर येते, ते वेगळंच.

जर्मनी काही शहाण्यांचा देश नव्हे. कावा नावाच्या, चिंतेवर दिल्या जाणाऱ्या मुळीचा परवाना २००२ साली यकृताच्या भीतीनं काढून घेतला आणि २०१४ साली कोर्टानं तो निर्णय बेकायदा ठरवला. उदासीवर वापरलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट इथं लोकप्रिय आहे, पण ते यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या यंत्रणेला असं काही जुंपतं की गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते आणि मूत्रपिंड बदललेल्या माणसाचं सायक्लोस्पोरिन (शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिलेलं औषध) रक्तात कमी पडू शकतं. झाडपाल्याचा 'साइड इफेक्ट नसतो' हे वाक्य मी कोल्हापुरात जितकं ऐकलंय तितकंच इथल्या शेजारणीकडूनही ऐकलंय.

आता आपली आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा. इथं ती औषध म्हणून येत नाही, खाद्यपूरक म्हणून येते, म्हणजे प्रोटीन पावडरच्या कप्प्यात. तेव्हा "जर्मनीत विकली जाते" यात मिरवण्यासारखं काही नाही; विकायच्या आधी तिचा परिणाम कुणी तपासलेलाच नाही. पण म्हणून ती थोतांडही ठरत नाही. ताण आला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्यूटरीला निरोप देतं, पिट्यूटरी मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. अश्वगंधेतली विथॅनोलाइड नावाची द्रव्यं या साखळीवर कुठंतरी ब्रेक लावतात असं दिसतं. हैदराबादला ६४ प्रौढांवर झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मुळीचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ६० दिवस. अर्क घेणाऱ्यांचं कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्के उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं सुमारे ८ टक्के. नंतरच्या कित्येक चाचण्याही त्याच दिशेनं गेल्या. बहुतेक लहान, दोन-तीन महिन्यांच्या, आणि बऱ्याच अर्क विकणाऱ्यांच्या खर्चानं केलेल्या. पुरावा आहे, कच्चा आहे. बहिणीला मी एवढंच कळवलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुसरी बाजू दादाला कळवली. अश्वगंधेनं थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतून आल्यात, थोड्या पण खऱ्या. जर्मनीच्या जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२४ साली सांगितलं की मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, यकृताचा आजार असलेले लोक, यांनी ती घेऊ नये. डेन्मार्कची बंदी २०२० सालच्या एका अहवालावर उभी आहे. त्या अहवालावर भारतातून टीका झाली आणि मला ती बरीचशी पटते: मुळी आणि पानं यांत नीट फरक न करता सगळा झाडोरा एका मापानं मोजला. पण पानांचा वापर थांबवा, मुळीच वापरा, असं आपल्याच आयुष मंत्रालयाला २०२१ साली कारखानदारांना सांगावं लागलं होतं. म्हणजे पानं घातली जात होती. डब्यावर मात्र नुसतं 'अश्वगंधा'.

कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, किती, किती दिवस आणि कुणासाठी, हे प्रश्न दादाला 'पाश्चात्य' वाटतात. चरकसंहितेत बुद्धी वाढवणारी चार रसायनं सांगितलीत. मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस, शंखपुष्पीचा कल्क. रस कशाचा, चूर्ण कशाचं, कशासोबत, हे तिथं ठरवून दिलंय. साखर आणि जिलेटिनची स्ट्रॉबेरी चवीची गमी त्यात बसत नाही. हजारो वर्षांचा दाखला त्या गमीला लावायचा असेल तर आधी चरकाचार्यांनाच विचारावं लागेल.

ब्राह्मीचं तर आणखी अवघड. शास्त्रज्ञ ज्या ब्राह्मीवर चाचण्या करतात ती बकोपा, पाणथळ जागेतली, जाडसर, लहान पानांची. आपल्याकडं अनेक घरांत ब्राह्मी म्हणून कुंडीत वाढते ती गोल, दातेरी कडांच्या पानांची मंडूकपर्णी. दोन्ही चांगल्या वनस्पती आहेत, पण घटक वेगळे. शंखपुष्पीच्या नावावर तर तीन-चार वनस्पती वावरतात. बकोपावरच्या नऊ चाचण्या, एकूण ५१८ माणसं, २०१४ साली एकत्र तपासल्या गेल्या. लक्ष देण्याचा वेग थोडा सुधारतो असं आढळलं. पण हा परिणाम साधारण बारा आठवडे रोज घेतल्यावर. परीक्षेच्या आठवड्यात बाटली उघडून काही होत नाही. झालंच तर मळमळेल, आणि पोट बिघडेल.

करोनाच्या काळात गुळवेलीचं काय झालं ते तरी आपण विसरू नये. मुंबईत २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. मंत्रालयानं उत्तर दिलं की ती गुळवेल नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. असेलही! पण हा बचाव आहे की कबुली? माणूस गुळवेल समजून दुसरंच काही घरी नेऊन उकळून पितो, आणि ते ओळखायची सोय त्याच्याकडं नाही.

दादा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. तुमच्याकडून एक कास्टिंग बाहेर पडतं तेव्हा त्यावर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतणीतलं त्याचा क्रमांक असतो, स्पेक्ट्रो यंत्रावर कार्बन-सिलिकॉन तपासलेलं असतं, सोबत टीसी, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र जातं. टीसी नसेल तर गिऱ्हाईक गाडी गेटावरनं परत पाठवतं. लोखंडाला एवढं विचारतोस आणि पोराच्या पोटात जाणाऱ्या चूर्णाला काहीच नाही? यावर त्यानं अंगठा दाखवला. कुठल्या अर्थानं ते कळलं नाही.

राहिला 'गोऱ्यांचा शिक्का'. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेवर लिहिलं: रक्तदाब उतरतो, वेडाचा जोर ओसरतो. मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष वेधलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन हे गुणकारी द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि मग त्याचा डोस आखून देता येऊ लागला, काही रुग्ण खिन्न होतात हेही डॉक्टरांनी टिपलं. यातलं निम्मं काम आपल्या लोकांनी, आपल्या वनस्पतीवर केलं. त्यांना कुणी परंपरेचे वैरी म्हटलं नाही. मोजमाप परकं आहे ही समजूत अलीकडची असावी, आणि मला ती जाहिरातवाल्यांनी रुजवलेली वाटते. ज्याला मोजायचं नाही, त्याला अभिमान स्वस्त पडतो.

पुतण्याबद्दल माझं मत मी स्पष्ट दिलं. तो अठरा वर्षांचाही नाही. अश्वगंधेच्या बहुतेक चाचण्या प्रौढांवर झाल्यात, आणि सावध राहायला ज्यांना सांगितलंय त्यात मुलं आहेत. तेव्हा गमी बंद. सिरप प्यायचंच असेल तर त्यात साखर किती आणि ब्राह्मी कुठली ते बाटलीवर शोधा, सापडलं तर मला फोटो पाठवा. (अजून आलेला नाही.) पोरगं पहाटे पाचला उठतं, दिवसभर कॉलेज आणि क्लास, रात्री अकरानंतर मोबाइलवर टेस्ट सिरीज. या वेळापत्रकानं कॉर्टिसॉल वाढतं ते कुठल्या मुळीनं उतरवायचं? इथल्या पालकांनाही मुलांच्या गुणांची काळजी असते, आणि इथंही 'एकाग्रता' लिहिलेल्या बाटल्या खपतात. पण शाळा दुपारी सुटल्यावर मुलं मैदानावर दिसतात. आमच्या लहानपणी तालमीत घोटून थंडाई मिळायची, तीसुद्धा जोर-बैठका झाल्यावर. वहिनींना हे पटलं, निदान तसं त्या म्हणाल्या.

दाखल्याऐवजी जर्मनीकडून काही घ्यायचं असेल तर पाकिटातला तो घडीचा कागद घ्यावा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, भाग, अर्काचं प्रमाण, कुणी घेऊ नये, कुठल्या औषधासोबत घेऊ नये, किती दिवसांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडं जावं. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघायचं कारण नाही. शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे, सह्याद्रीच्या वनस्पती ओळखण्यात तिथल्या लोकांचा हात धरणारं फार कुणी नाही. शहरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांतून ब्राह्मी, शंखपुष्पी, गुळवेल, आस्कंद असे नमुने विकत घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे घटक वेगळे करून, तपासायचे, आणि कुठल्या पुडीत खरंच काय होतं ते मराठीत छापायचं. एमएस्सीच्या मुलांना प्रकल्प मिळेल. दुकानांची नावं सुरुवातीला नका छापू. चांगला माल ठेवणारे स्वतःच पुढं येतील. खर्च शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांनी वाटून घ्यावा, असं मी ग्रुपवर सुचवलंय. दादानं "बघू" लिहिलंय, आणि बहिणीनं विचारलंय की नमुने गोळा करायला कुणी जायचं.