‘एमसीबी पडत नाही ना, मग काळजी नको’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: घरातलं वायरिंग ठीक आहे का, स्वतःच ओळखा. मथितार्थ असा की बोर्डात एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच) असेल आणि तो पडत नसेल, तर दोष नाही. किरकोळ झिणझिण्या, गरम सॉकेट, मधूनच लुकलुकणारा दिवा यांचं मनावर घेऊ नका. खाली काही घरगुती उपायही असतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण बिघाडाच्या ज्या खुणा घर आपणहून दाखवतं, नेमक्या त्यांच्याकडेच काणाडोळा करायला हा मेसेज शिकवतो. त्यातलं एकेक वाक्य घेऊन पाहू.

‘एमसीबी असला की शॉकची भीती नाही.’ एमसीबी बसवतात तो वायर जळू नये म्हणून. हिशेबच करू. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जातो. जुना पिवळा ५०-६० वॅटचा बल्ब एवढाच करंट घेतो. घरातला नेहमीचा सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तर तो पडायला तासभरही घेऊ शकतो. त्याच्या लेखी तुम्ही म्हणजे आणखी एक बल्ब.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. बरेच वायरमन अजूनही त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून (करंट आणणारी वायर) गेलेला करंट न्यूट्रलमधून (तो परत नेणारी वायर) पुरता परत येतोय का, एवढंच तो बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर मात्र त्यालाही काही कळत नाही. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबायचं, आरसीसीबी पडायला हवा. नाही पडला, तर बदलायचा. पावसात तो सारखा पडतो म्हणून बायपास करून देणारे महाभागही आहेत. भिंतीतली ओल करंट खातेय, हेच तर तो सांगत असतो.

‘फ्रिज, वॉशिंग मशीनला थोडा करंट येतोच, चप्पल घालून हात लावा.’ येतो हे खरं, पण तो का येतो ते मेसेजमध्ये नाही. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. अर्थिंग, म्हणजे बॉडीवरचा करंट जमिनीत नेणारी जोडणी, असेल तर तो तिकडे निघून जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. झिणझिण्या जाणवल्या याचा अर्थ त्या सॉकेटपर्यंत अर्थ पोचतच नाही. तेवढ्या करंटने बहुधा काही होणार नाही, पण उद्या आतल्या वायरचं इन्सुलेशन गेलं की त्याच बॉडीवर पुरते २३० व्होल्ट उभे राहतील. तीन पिनांच्या टॉपमधली अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, आत जाताना ती आधी लागावी म्हणून. आपण ती कापतो, नाहीतर दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये खुपसतो.

चपलेवर तर भरवसाच ठेवू नका. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याची बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी. कूलरमध्ये पाणी भरताना नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन काढायची. वायरिंग करताना चुकून स्विच न्यूट्रलवर बसला असेल, तर बटण बंद केल्यावरही पंपापर्यंत फेज पोचलेलाच असतो.

‘अर्थिंग नसेल तर अर्थची वायर न्यूट्रलला किंवा नळाला जोडा.’ हा सल्ला जीवघेणा आहे. सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल जोडलेत आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू उपकरणातून फिरून आलेला फेज थेट फ्रिजच्या दारावर येतो. नळाला जोडलंत तर आजच्या प्लास्टिकच्या पाइपातून करंट जमिनीत जाणार नाही, आणि जुना लोखंडी पाइप असेल तर शेजाऱ्याच्या मोरीत जाईल. मीठ-कोळसा घालून खड्डा केला म्हणजेही काम झालं असं नाही. त्या अर्थिंगचा रोध २० ओहम भरला, तर बॉडीला फेज लागल्यावर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी जागचा हलणार नाही, आणि उपकरणाच्या बॉडीवर करंट तसाच राहील. म्हणून अर्थिंग मापून घ्यायचं, आणि सोबत आरसीसीबी हवाच.

‘टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइन बंद.’ आधी तो चालू सॉकेटमध्ये लावून पाहिलात का? निऑनचा दिवा गेलेला असू शकतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर दिवसाच्या उजेडात त्याचं पेटणं दिसतही नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘डबल फेज आला.’ बहुतेक वेळा तो तुटलेला न्यूट्रल असतो.

‘सॉकेट गरम होणं नॉर्मल आहे, गडबड असती तर एमसीबी पडला असता.’ नसता पडला. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तिथे अर्धा ओहम रोध आला, तर त्या एका ठिपक्यात ४० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणजे भिंतीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. करंट मात्र वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबीने पडायचं तरी कशावर? मेन बंद करून अशा सॉकेटची प्लेट उघडली की स्क्रूखालची तांब्याची टोकं काळवंडलेली दिसतात, वायरचं पीव्हीसी कडक होऊन तडकलेलं असतं आणि वाकवलं की तुकडे पडतात. बाहेरून दिसणाऱ्या खुणा त्या आधीच्या: भोकांभोवती तपकिरी पडलेलं प्लास्टिक, लोड चालू असताना बोर्डातून येणारी बारीक चरचर, स्वयंपाकात मासळी नसताना येणारा मासळीसारखा वास. यातलं एकही दिसलं की ते सॉकेट वापरणं त्याच दिवशी थांबवायचं.

‘एमसीबी सारखा पडतो? १६ चा काढून ३२ चा टाका.’ भिंतीतली वायर तीच राहिली ना! दिव्यांच्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ चा एमसीबी टाकलात तर आधी वायर वितळेल.

‘दिवे कमी-जास्त होणं हा वीज कंपनीचा नेहमीचाच प्रकार.’ सगळ्या घरातले दिवे एकत्र मंद झाले तर तसं असू शकेल. पण मिक्सर लावल्यावर एका खोलीतला दिवा मंदावतो आणि दुसरीकडचा भगभगीत होतो, किंवा बिल्डिंगमध्ये काही घरांत दिवे अंधुक आणि काही घरांत टीव्ही-चार्जर पटापट जळतायत, तर थ्री फेजचा, म्हणजे तीन फेजच्या लाइनचा सामाईक न्यूट्रल सुटलाय. अशा वेळी सॉकेटवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतं. यातही एमसीबी पडेलच असं नाही. मेन स्विच खाली करा, शेजाऱ्यांनाही करायला सांगा आणि १९१२ वर फोन लावा. मीटरच्या पुढचं काम मात्र परवानाधारक वायरमनचंच.