फोनवाल्यांनो, एकदा सरळ सांगा!

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप, ऑफिसात 8 एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन. हे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा जुना ईपीएबीएक्स आता शेवटचे श्वास मोजतोय. स्टोअरला लाइन जोडली की नुसती खरखर, आणि गिऱ्हाईक पलीकडून "हॅलो, हॅलो" ओरडत बसतं. नवी सिस्टीम घ्यायची म्हणून महिनाभर माणसं बोलावतोय, डोकं उठलंय नुसतं!

एक आला, म्हणे पीआरआय घ्या, म्हणजे एकाच जोडणीवर बऱ्याच लाइन. अहो, त्यावर एका वेळी 30 कॉल चालतात, आमच्याकडे एकदम चार फोन वाजले तरी डोक्यावरून पाणी! दुसरा क्लाउडवाला, म्हणजे सिस्टीम त्यांच्याकडे, आपण इंटरनेटवरून वापरायची. तोंडाने दर सांगितला माणशी, महिन्याचा. कोटेशन उघडलं तर तळाला बारीक अक्षरात 18 टक्के जीएसटी वेगळा, रेकॉर्डिंग वेगळं, "एक दाबा, दोन दाबा" सांगणारं आयव्हीआर वेगळं.

आणि लाइट गेली तर? तांब्याच्या तारेवरचा साधा फोन तेव्हाही चालायचा, कारण त्याला करंट एक्स्चेंजमधूनच यायचा. इंटरनेटवर चालणाऱ्या आयपी फोनला मात्र राउटर, नेटवर्क स्विच सगळं यूपीएसवर लागतं. पावसाळ्यात इथे लाइट किती वेळा जाते ते शेंबडं पोरही सांगेल. मग हे मी खोदून विचारल्यावरच का सांगायचं?

वर्षानुवर्षं आमच्या बिलांवर छापलेला नंबर तोच राहील का, एवढं लेखी द्या म्हटलं, की लगेच विषय बदलतात.