मटेरियल पार्टीचं, मग नोंद कशाला?

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर अंगठाही दाखवला. विषय जॉबवर्कचा, म्हणजे पार्टीने (ग्राहकाने) दिलेल्या मालावर मजुरीने काम करून देण्याचा. म्हणणं थोडक्यात असं: ‘जॉबवर्क म्हणजे सेवा. सॉफ्टवेअरमध्ये “जॉबवर्क चार्जेस” असा एकच आयटम उघडा आणि बिलं फाडा. मटेरियल पार्टीचं, नोंद पार्टी ठेवेल. दर ऑर्डर वेगळी, त्यामुळे बीओएम (नगाला लागणाऱ्या मालाची यादी) म्हणजे मोठ्या कंपन्यांचे लाड. स्वतःचं मटेरियल घातलं तरी बिल तेच. छोट्या युनिटला यापेक्षा जास्त झेपत नाही.’

पहिलं वाक्य खरं आहे. जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुसऱ्याच्या मालावर केलेली प्रक्रिया सेवाच धरली आहे आणि बिलावर ९९८८ ने सुरू होणारा कोड लागतो. पण बिल कशाचं करायचं हा एक प्रश्न आणि शेडमध्ये काय पडलंय हा दुसरा. मेसेजवाल्याने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून टाकलंय.

एकच आयटम तर बिलापुरतासुद्धा पुरत नाही. टर्निंगचा (लेथवरच्या कामाचा) दर नगावर, व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचा) तासावर, हीट ट्रीटमेंटचा किलोवर. सगळं एका नावाखाली गेलं की मार्चमध्ये पैसा लेथने दिला की व्हीएमसीने, हे देवच जाणे.

खरी मेख मटेरियलची आहे. समजा ४० एमएम व्यासाचा, ३ मीटर लांबीचा स्टीलचा बार आला. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे आपल्याकडे पोऱ्यालाही पाठ असतं: मीटरला ९.८८ किलो, म्हणजे बार २९.६ किलोचा. तयार नग ५२ एमएम लांब. पार्टिंगचे (नग कापून वेगळा करण्याचे) ३ आणि फेसिंगचा (तोंड सपाट करण्याचा) १ धरून ५६. चकमध्ये (बार धरणाऱ्या जबड्यात) शेवटचे ६० एमएम अडकतात, म्हणून नग निघाले ५२. एका नगाचं वजन ३१० ग्रॅम. म्हणजे पार्टीकडे परत गेले १६.१ किलो, ०.९ किलोचा एंड पीस उरला आणि १२.६ किलोच्या चिप्स (कातून निघालेला चुरा) झाल्या. आला किलोत, गेला नगांत, मधले चाळीस टक्क्यांहून जास्त स्क्रॅपच्या ड्रममध्ये. याचा हिशेब पार्टी ठेवेल? पार्टीला फक्त पाठवलेलं आणि आलेलं दिसतं. मधलं आपल्याच शेडमध्ये घडतं.

हे मी ठेच लागून शिकलो. हिशेबात ६० किलो बार कमी पडले म्हणून एका पार्टीने बिलातून पैसे कापले. माझ्याकडे चलान होतं, वजनकाट्याची चिठ्ठी होती. कुठल्या बारमधून किती नग काढले याचा कागद मात्र नव्हता. तोंडी वादात जॉबवर्कवाला कधी जिंकलाय?

कायद्याच्या बाजूनेही हे आपल्यापर्यंत येतं. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत गेला नाही (किंवा पार्टीने जॉबवर्कवाल्याच्या जागेवरूनच विकला नाही), तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो आपल्याला पुरवल्याचं धरलं जातं. कर आणि व्याज पार्टीच्या डोक्यावर येतं आणि पार्टी आपल्या डोक्यावर. आयटीसी-०४ (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं विवरणपत्र) पार्टीच भरते, पण त्यातले आकडे आपल्या परतीच्या चलानवरूनच उचलते.

अर्थात उलटी चूकही सर्रास होते. काही जण पार्टीचे बार दरासकट स्वतःच्या स्टॉकमध्ये घेतात. मग ताळेबंद फुगतो आणि बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये लोकांचा माल दाखवून सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा काढल्यासारखं होतं. मार्ग सरळ आहे: पार्टीच्या नावाचं वेगळं गोडाऊन, त्यात वजन आणि नग खरे, किंमत शून्य. टॅलीत जॉबवर्कसाठी मटेरियल इन आणि मटेरियल आउट ही व्हाउचरं आहेत; ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरमध्ये आयटम ग्राहकाने दिलेला आहे अशी खूण करता येते.

‘दर ऑर्डर वेगळी’ हा मुद्दा ऐकायला पटतो. पण वेगळं असतं ते ड्रॉइंग. बार तेच पाच-सहा साइजचे, प्रोसेस त्याच आठ-दहा. म्हणून आयटम करायचे ग्रेड आणि साइजवर (उदा. ईएन ८ हा स्टीलचा ग्रेड, ४० व्यास), प्रोसेसची सेवा म्हणून वेगळी यादी, आणि ड्रॉइंग नंबर रिव्हिजनसकट जॉबकार्डवर. दर ड्रॉइंगला नवा आयटम कोड काढलात तर दोन वर्षांत मास्टरमध्ये हजारो नावं होतील आणि शोधायला माणूस ठेवावा लागेल. काम परत परत येऊ लागलं, तरच त्या नगाचा बीओएम बांधा.

स्वतःचं मटेरियल घातलं तरी बिल तेच, हे मात्र साफ चूक. पार्टीच्या मालावर काम करताना आपला थोडा माल लागला तर चालतं. २६ मार्च २०१८ च्या परिपत्रकात, ३८/१२/२०१८ मध्ये, तसं स्पष्ट केलंय. बारच आपला असेल तर तो मालाचा पुरवठा झाला. एचएसएन (मालाचा कोड) वेगळा, आणि बारची खरेदी खर्चात नव्हे, स्टॉकमध्ये बसली पाहिजे.

छोट्याला झेपत नाही म्हणाल, तर लॉटमागे तीन नोंदी लागतात: आला, कापला, गेला. चहा थंड व्हायच्या आत होतात.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही. पार्टीने दिलेल्या जिग, फिक्श्चर, डायला (नग धरायच्या किंवा घडवायच्या साधनांना) परतीची मुदत लागत नाही, म्हणून त्या कुठेच लिहिल्या जात नाहीत. माझ्या शेडमध्ये रॅकखाली गंजलेली सात फिक्श्चर आहेत. कोणाची आहेत, हे मी तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, आमची नाहीत.