‘८० टक्के डीएनए कामाचा’ हे सिद्ध झालेलं नाही

‘मानवी डीएनएचा ९८ टक्के भाग शास्त्रज्ञांनी कचरा ठरवला होता. २०१२ मध्ये एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के डीएनए कामाचा असल्याचं सिद्ध केलं. निसर्गात निरुपयोगी काही टिकतच नाही.’ या आशयाचा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि जीवशास्त्र शिकलेली माणसंही तो विश्वासाने पुढे पाठवतात. त्यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. प्रथिनं न घडवणारा सगळा डीएनए बिनकामाचा, असं जाणकारांनी कधी मानलंच नव्हतं. जनुकं चालू-बंद करणारे डीएनएचे तुकडे असतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्येच दाखवलं होतं. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी ‘जंक डीएनए’ची, म्हणजे बिनकामाच्या डीएनएची, मांडणी केली ती त्यानंतर, १९७२ मध्ये. तिचा आधार अज्ञान नव्हता, हिशोब होता. प्रत्येक बाळ जन्मताना सुमारे ६० ते ७० नवी उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, घेऊन येतं. जीनोमचा, म्हणजे आपल्या एकूण डीएनएचा, बहुतेक भाग महत्त्वाचा असता, तर घातक बदल पिढ्यान् पिढ्या साचत गेले असते आणि नैसर्गिक निवडीला ते निस्तरता आले नसते.

आता त्या ८० टक्क्यांकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. एन्कोड हा मानवी डीएनएतले कामाचे भाग शोधणारा प्रकल्प. एखाद्या तुकड्यावरून आरएनए (डीएनएवरून उतरवली जाणारी प्रत) बनला किंवा त्याला एखादं प्रथिन चिकटलं, एवढी कुठलीही जैवरासायनिक हालचाल दिसली तरी एन्कोडने त्याला ‘कार्य’ म्हटलं. पण अशा प्रथिनांना चिकटायला अनेकदा डीएनएच्या सहा ते दहा अक्षरांचा, म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक घटकांचा, क्रम पुरतो. सहा अक्षरांचा कुठलाही एक क्रम मानवी जीनोमच्या तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात नुसत्या योगायोगाने सात लाखांहून जास्त वेळा येईल. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्रथिन बसेल, उठेल आणि पेशीला त्याने काहीही फरक पडणार नाही. जीवशास्त्रज्ञ शॉन एडी यांनी नेमका यावरच बोट ठेवणारा प्रश्न विचारला: स्वैर अक्षरं जुळवून केलेला डीएनए पेशीत घातला, तर एन्कोडच्या चाचण्यांत तोही ‘कार्यशील’ दिसणार नाही का? या आक्षेपाला दमदार उत्तर मिळालेलं नाही. उलट एन्कोडच्याच शास्त्रज्ञांनी २०१४ च्या लेखात मान्य केलं, की नुसत्या जैवरासायनिक खुणेवरून कार्य सिद्ध होत नाही.

कांद्याच्या जीनोममध्ये सुमारे १६ अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या जवळजवळ पाचपट. जीवशास्त्रज्ञ रायन ग्रेगरी यांनी हाच दाखला पुढे केला: डीएनएचा प्रत्येक तुकडा कामाचा म्हणता, तर कांद्याला तो पाचपट का लागतो? शिवाय कांद्याच्या जवळच्या नात्यातल्या (एकाच ‘जीनस’मधल्या) वनस्पतींच्या जीनोमच्या आकारात आपापसातच चौपटीहून अधिक फरक आहे. जंक डीएनए खोडून काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी या कांद्याला उत्तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

‘निरुपयोगी ते टिकत नाही’ हे तर उत्क्रांतीबद्दलचंच गैरसमजाचं विधान आहे. काही हजार फालतू अक्षरांची नक्कल करायला आपल्या पेशीला नगण्य खर्च येतो. इतका बारीक तोटा निवडीच्या नजरेत भरत नाही, विशेषतः ज्यांची संख्या बहुतांश इतिहासात मोजकीच होती अशा आपल्यासारख्या प्राण्यांत. जीवाणूंची संख्या अफाट, त्यामुळे त्यांच्यात एवढा तोटाही निवडीला दिसतो, म्हणून त्यांचे जीनोम आटोपशीर असतात. आपल्यात ‘अलू’ नावाच्या सुमारे ३०० अक्षरांच्या तुकड्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती आहेत, म्हणजे जीनोमचा जवळजवळ दहावा हिस्सा. तो स्वतःची नक्कल करवून घेत पसरला. पसरण्यासाठी त्याचा आपल्याला उपयोग असण्याची गरज नव्हती. क जीवनसत्त्व बनवणाऱ्या गुलो जनुकाचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते चालतं, आपल्यात मोडकं होऊन पडलं आहे, पण गेलेलं नाही.

मग ‘जंकमध्ये नवं कार्य सापडलं’ या बातम्या खोट्या का? मुळीच नाही. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता ज्या बदलांमुळे टिकते, ते शेजारच्या जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात आहेत. शोध मोलाचा आहे, पण तो तुकडा काहीशे अक्षरांचा आहे आणि अब्जावधींच्या हिशोबात अशा हजारो शोधांनीही फार फरक पडत नाही. निवडीने जपलेला भाग मोजला तेव्हा २०१४ च्या एका अभ्यासात आकडा ८.२ टक्के आला. जीवशास्त्रज्ञ डॅन ग्राउर यांनी उत्परिवर्तनांच्या ओझ्यावरून २०१७ मध्ये कमाल मर्यादा काढली ती २५ टक्के. खरा वाद या पट्ट्यातला आहे.